साक्ष द्यावी, पण पुरी

'साक्ष' म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं कोर्ट उभं राहत असेल. साक्षीदाराचा पिंजरा, शपथ, वकिलाची उलटतपासणी. आम्हा ख्रिस्ती माणसांना हा शब्द कोर्टाच्या कितीतरी आधी देवळात भेटतो. रविवारची उपासना चालू असते, दोन गीतं गाऊन झालेली असतात आणि पाळकसाहेब विचारतात, "आज कुणाला साक्ष द्यायची आहे का?" मग बाकावरून कुणीतरी उठतं. कधी पदर सावरत एखादी म्हातारी, कधी नुकताच बारावी पास झालेला मुलगा. पुढं येऊन उभं राहायचं, आपल्यावर काय संकट आलं आणि त्यात देवानं आपल्याला कसं सांभाळलं, हे आपल्या शब्दांत सांगायचं. सांगून झालं की मंडळी 'आमेन' म्हणते आणि साक्ष देणारा पुन्हा आपल्या जागेवर जाऊन बसतो.

सगळा मामला पाच मिनिटांचा. पण या पाच मिनिटांनी बुडणारी माणसं तरलेली मी पाहिली आहेत. आणि याच पाच मिनिटांनी एक माणूस बुडायच्या बेताला आलेलाही पाहिला आहे. ती साक्ष माझी होती. म्हणून आज त्याविषयी बोलायचं आहे.

मी नसरापूरचा. पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्यानं निघालात, की पस्तीसेक किलोमीटरवर चेलाडीचा फाटा लागतो. तिथून उजवीकडं वळलं की आमचं गाव. बनेश्वरला सहलीला येणाऱ्यांना आणि राजगड-तोरण्याकडं जाणाऱ्यांना ते ठाऊक असतं. बनेश्वराच्या या गावात ख्रिस्ती माणसंही आहेत, हे मात्र बऱ्याच जणांना माहीत नसतं. चार्ल्स रीव्ह नावाचे एक गृहस्थ ऑस्ट्रेलियातून आले आणि १८९३ मध्ये त्यांनी 'पूना अँड इंडियन व्हिलेज मिशन' सुरू केलं. शहरं सोडून खेड्यांत काम करायचं, म्हणून नावातच 'व्हिलेज'. त्या मिशनचं एक ठाणं नसरापूरला होतं. मी पेशानं शाळामास्तर. आता निवृत्त आहे, पण गाव अजून 'गुरुजी'च म्हणतं.

आधी साक्ष कशासाठी द्यायची, ते सांगतो. मार्काच्या शुभवर्तमानात एका माणसाची गोष्ट आहे. तो थडग्यांमध्ये राहायचा, दगडांनी स्वतःला ठेचून घ्यायचा, साखळदंडांनाही आवरायचा नाही. येशूनं त्याला बरं केलं, तेव्हा तो येशूबरोबर यायला निघाला. येशूनं त्याला बरोबर घेतलं नाही. घरी आपल्या माणसांकडं जा आणि देवानं तुझ्यासाठी काय केलं ते त्यांना सांग, असं म्हणून त्याला परत पाठवलं. घरची माणसं म्हणजे कोण? ज्यांनी त्याची सगळी दशा डोळ्यांनी पाहिली होती ती. त्यांच्यापुढं खोटं चालणार नव्हतं.

दुसरा आधार पौलाचा. करिंथ इथल्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या सुरुवातीलाच तो सांगतो, की आपल्या दुःखात देव आपलं सांत्वन करतो ते एवढ्यासाठी, की तेच सांत्वन घेऊन आपण दुसऱ्याच्या दुःखात जावं. म्हणजे मिळालेला दिलासा हा आपल्या घरच्या फडताळात ठेवायचा जिन्नस नाही. शेजारणीला विरजणाला दही द्यावं, तसा तो पुढं द्यायचा.

आता माझी साक्ष. १९९८ पासून मी ती देत आलो. ती अशी होती : "बंधू-भगिनींनो, मी दारू पीत होतो. पगार पंधरा दिवसांत संपायचा. घरात भांडी वाजायची, मुलं दाराआड लपायची. १९९१ च्या उत्तम शुक्रवारी मी देवळात गुडघे टेकले, रडलो, प्रभूला हाक मारली. त्या दिवसापासून देवानं माझी दारू सोडवली. प्रभूची स्तुती असो."

यातली शेवटची दोन वाक्यं सोडली, तर बाकी सगळी खरी होती.

ही साक्ष लोकांना फार आवडायची. आमच्या मंडळीत दिली, मग भोरला दिली, शिरवळला दिली. कुणाकडं घरगुती प्रार्थनासभा असली की निरोप यायचा, "गुरुजींना घेऊन या." शाळामास्तर असल्यामुळं बोलायची सवय. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, हे आपोआप जमत गेलं. दर खेपेला साक्ष गुळगुळीत होत गेली, नदीतल्या गोट्यासारखी.

२००४ च्या पावसाळ्यात एका रात्री दारावर थाप पडली. दारात सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा पोरगा, नखशिखांत भिजलेला. टेम्पो चालवायचा. जवळच्याच एका गावातल्या प्रार्थनासभेत त्यानं माझी साक्ष ऐकली होती. तोंडाला वास येत होता. आत यायला तयार होईना. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "गुरुजी, तुमची एका दिवसात सुटली. मी तीनदा गुडघे टेकले आणि तीनदा परत प्यालो. आई म्हणते, तुझी प्रार्थना मनापासूनची नाही. पण गुरुजी, ती मनापासूनची होती हो. म्हणजे मग देवालाच मी नको असेन."

मी काय केलं असेल? त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि म्हटलं, "विश्वास ठेव." तो मान हलवून पावसात निघून गेला.

दार लावून वळलो, तर स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती. म्हणाली, "त्याला फलटणचं का नाही सांगितलंत?"

फलटण हे तिचं माहेर. १९९४ मध्ये दोन्ही मुलांना घेऊन ती तिकडं निघून गेली होती. आता जे मी सांगत नव्हतो ते सांगतो. १९९१ च्या उत्तम शुक्रवारी मी गुडघे टेकले, हे खरं. पुढं अकरा महिने थेंब घेतला नाही, हेही खरं. मग एका सहकाऱ्याच्या निरोपसमारंभात 'एकच' म्हणून घेतली आणि चार महिने उतरलीच नाही. पुन्हा सोडली. १९९४ मध्ये वडील गेले, तेव्हा पुन्हा धरली, आणि या वेळी आधीपेक्षा जास्त. तेव्हा बायको फलटणला गेली. जून १९९५ मध्ये माझा मेहुणा मला उचलून पुण्यातल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात घेऊन गेला. तिथून बाहेर पडल्यावर आजवर हात लावलेला नाही. म्हणजे देवानं माझी दारू सोडवली, यावर माझा आजही विश्वास आहे. पण एका दिवसात नाही. त्याला चार वर्षं, दोन घसरणी, एक मेहुणा आणि एक डॉक्टर लागला.

हे मी का गाळलं? स्वतःला विचारलं, तेव्हा पहिलं उत्तर आलं : देवाच्या नावाला कमीपणा नको म्हणून. जरा आणखी खरवडलं, तेव्हा खालचं उत्तर निघालं : माझ्या नावाला कमीपणा नको म्हणून. 'एका दिवसात सुटला' असं म्हटलं की माणूस चमत्काराचा धनी होतो. 'दोनदा पडला' म्हटलं की तो पुन्हा गावातला बेवडा मास्तर होतो.

तिसऱ्या दिवशी त्या पोराची आई आली. पोरगं घरी आलं नव्हतं. त्याच्या भावाला स्कूटरवर मागं बसवून मी दोन दिवस शोधत फिरलो. शेवटी शिरवळच्या टेम्पो-स्टँडवर सापडला. गाडीच्या फाळक्यावर बसला होता. मी शेजारी बसलो आणि त्याला सगळं सांगितलं. निरोपसमारंभ, वडील, फलटण, मेहुणा. त्यानं एकच प्रश्न विचारला.

"दोनदा?"

"दोनदा."

मग तो रडायला लागला. मला वाटलं, आता हा माझ्यावर चिडणार, इतके दिवस खोटं का सांगितलंत म्हणणार. तो म्हणाला, "मग चला गुरुजी, त्या डॉक्टरकडं जाऊ."

मी सहा वर्षं जी साक्ष गावोगाव दिली, तिनं या पोराला डॉक्टरपर्यंत नेलं नव्हतं. फाळक्यावर बसून सांगितलेल्या दोन घसरणींनी नेलं. तेव्हापासून मी जुन्या माणसांनी आपल्या साक्षी कशा दिल्या, ते नीट वाचायला लागलो.

मराठीत ही परंपरा मोठी आहे. बाबा पदमनजी हे १८३१ मध्ये बेळगावात जन्मले, १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि १८८८ मध्ये त्यांचं 'अरुणोदय' हे आत्मचरित्र आलं. मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते. नावच बघा. अरुणोदय म्हणजे तांबडं फुटणं. दुपारचं ऊन एकदम येत नाही, आधी काळोख हळूहळू विरतो. मनाची चलबिचल, घरच्यांची माया, पुढं टाकलेलं पाऊल मागं घेणं, हे सगळं त्यांनी लिहून ठेवलं आहे.

पंडिता रमाबाईंनी १९०७ मध्ये इंग्रजीत एक छोटं पुस्तक लिहिलं. त्याचं नावच मुळी 'साक्ष'. त्यांचं आयुष्य आपण शाळेत दोन ओळींत शिकतो. ते जगायला किती जड होतं! सोळाव्या वर्षाच्या सुमाराला, दुष्काळातल्या भटकंतीत आई-वडील गेले, पाठोपाठ थोरली बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झालं, आणि १८८२ मध्ये पतीही गेले. कडेवर लहानगी मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. एखाद्या कच्च्या साक्षीदारानं गोष्ट इथंच संपवली असती : बाप्तिस्मा झाला आणि शांती मिळाली. रमाबाई तसं करत नाहीत. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनीसुद्धा मनाला हवं ते मिळालेलं नव्हतं, धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडायचा राहिला होता, असा त्यांच्या सांगण्याचा आशय आहे. लोक ज्यांना धर्माचा आदर्श मानत होते, त्या बाईनं आपली रिकामी वर्षं चारचौघांत मोजून दाखवली.

त्या काळात त्यांना मदत कशाची झाली, हेही त्यांनी सांगितलं आहे. विल्यम हॅस्लम नावाच्या एका इंग्रज पाळकाचं आत्मकथन त्यांच्या वाचनात आलं. हे हॅस्लम कॉर्नवॉलमधल्या एका खेड्यात पाळक होते. वर्षानुवर्षं ते लोकांना प्रवचन देत होते, पण ज्या अनुभवाविषयी बोलत होते तो त्यांना स्वतःला आलेलाच नव्हता. १८५१ मध्ये एका रविवारी व्यासपीठावर उभं राहून बोलता बोलता त्यांचंच मन पालटलं. 'मी पाळक होतो, पण आतून कोरडा होतो' ही त्या माणसाची कबुली. ती हजारो मैलांवरच्या एका मराठी विधवेला आपली वाटली. कबुली दिली नसती, तर रमाबाईंना त्या पुस्तकाचा काय उपयोग होता?

रमाबाईंनीही मिळालेलं पुढं दिलं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुली-बायकांना घेऊन आल्या. त्या वेळी त्यांनी आपल्या लहानपणच्या उपासमारीच्या आठवणीही लिहिल्या. भूक काय असते हे ज्यानं भोगलं, त्याला घरात बसवत नाही. दौंड तालुक्यातल्या केडगावचं मुक्ती मिशन त्यातून उभं राहिलं. आणि एवढं करून त्यांची गोष्ट 'सुखानं नांदू लागल्या' अशी संपत नाही. १९२१ मध्ये एकुलती एक मनोरमा त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. पुढच्या वर्षी, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाई गेल्या.

तिसरं नाव लक्ष्मीबाई टिळकांचं. 'स्मृतिचित्रे' तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्या वेळी त्यांच्याबरोबर नव्हत्या, आणि त्यांना तो निर्णय मुळीच पटलेला नव्हता. पुढं काही वर्षं दोघं वेगळे राहिले. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. १९३४ पासून 'स्मृतिचित्रे' भागाभागानं प्रसिद्ध झालं. त्यात नवऱ्याचा तापटपणा आहे, हातात पैसा न टिकण्याची त्याची तऱ्हा आहे, स्वतःचं सोवळं-ओवळं आहे, राग आहे, रडणं आहे, आणि या सगळ्यावर मिस्कील हसणंही आहे. त्यांनी टिळकांना देवमाणूस करून ठेवलं नाही आणि स्वतःला सोशीक सतीही केलं नाही. म्हणूनच ख्रिस्ती नसलेल्या हजारो मराठी घरांनी ते पुस्तक आपलं मानलं.

यावर कुणी म्हणेल, हे तर आपल्या संतांनीही केलं. अगदी बरोबर. १६३० च्या आसपासच्या भीषण दुष्काळात तुकोबांचं दिवाळं निघालं, पहिली बायको अन्नावाचून गेली. आपली ही दैना त्यांनी अभंगांत सांगितली आहे. टिळक तर म्हणायचेच, की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडं आलो. मराठी मनाला आतलं दुःख उघडं करून बोलणारा माणूस लगेच ओळखू येतो, मग त्याच्या गळ्यात माळ असो की हातात शुभवर्तमान.

आता थोडं बाहेरच्या जगातलं. दारूबंदीच्या कामातल्या लोकांना १९३५ ची एक गोष्ट माहीत असते. बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअर दलाल, पट्टीचा पिणारा. 'ऑक्सफर्ड ग्रुप' नावाची एक ख्रिस्ती चळवळ तेव्हा जोरात होती. आपले दोष एकमेकांपुढं मोकळेपणानं सांगायचे, हा तिचा एक नेम. त्या वातावरणात बिलची दारू सुटली. मग तो इतर पिणाऱ्यांना उपदेश करत सुटला. काही महिने केला. एकाचीही सुटली नाही. पुढं कामानिमित्त तो ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी गेला. धंद्यात खोट आली होती आणि प्यावंसं वाटू लागलं होतं. तेव्हा ओळखीपाळखीतून त्याची एका डॉक्टरशी गाठ घालून देण्यात आली. डॉ. बॉब स्मिथ, तोही दारुडा. या खेपेला बिलनं उपदेश केला नाही. फक्त स्वतःची कथा सांगितली. पंधरा मिनिटांत निघून जाईन म्हणून आलेला डॉक्टर तासन्‌तास बसून राहिला. यातूनच पुढं 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही जगभरची संघटना उभी राहिली.

या गोष्टीतला एक बारकावा फारसा सांगितला जात नाही. त्या भेटीनंतर डॉक्टरांची दारू लगेच कायमची सुटली नाही. थोड्याच दिवसांत ते एका वैद्यकीय परिषदेला गेले आणि तिथं भरपूर पिऊन परतले. मग पुन्हा सोडली, ती १० जून १९३५ रोजी. हाच दिवस ती संघटना आपला स्थापनादिन मानते. घसरणीनंतरचा दिवस! पहिल्या भेटीचा दिवस मानता आला असता. तो त्यांनी मानला नाही.

ती संघटना आज कुठल्याही एका धर्माची नाही. आपल्या पुण्यातही डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये 'मुक्तांगण' सुरू केलं. तिथंही आधी स्वतः त्या वाटेनं गेलेली माणसं नव्यानं आलेल्यांशी बोलतात, त्यांना हात देतात. यामागचं कारण साधं आहे. व्यसनात किंवा खोल निराशेत सापडलेल्या माणसाला दोन गोष्टी छळतात. एक, हे फक्त माझंच असं आहे. दोन, आता यातून वाट नाही. डॉक्टर दुसरी गोष्ट खोडू शकतो, पण पहिली खोडायला त्याच खड्ड्यात पडून आलेला माणूस लागतो. आणि खड्ड्यातून आलेला माणूस जर म्हणाला की मी एका उडीत वर आलो, तर ऐकणाऱ्याची पहिली व्यथा दुप्पट होते. त्याला वाटतं, याला जमलं, मला जमत नाही, म्हणजे खोट माझ्यातच आहे. त्या पोराचं नेमकं तेच झालं होतं.

शिरवळहून परतल्यावरच्या रविवारी मी मंडळीपुढं उभा राहिलो आणि पुरी साक्ष दिली. आधी बायकोला विचारलं. ती म्हणाली, "मी फलटणला गेले एवढं सांगा. तिथं मी काय सोसलं ते सांगू नका. ते माझं आहे." म्हणून तेव्हाही सांगितलं नाही, आजही सांगत नाही.

देवळात शांतता पसरली. 'आमेन' जरा उशिरा आलं. बाहेर आल्यावर एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "गुरुजी, हे सांगायला नको होतं. लोक म्हणतील, देवानं सोडवली तर पुन्हा लागली कशी?" त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही, शंका रास्त आहे. पण पवित्र शास्त्र वाचलं तर तिथंही हेच दिसतं. पौलाला काहीतरी दुखणं होतं, त्याला तो शरीरातला काटा म्हणतो. तो काढ म्हणून त्यानं तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही, सोसायचं बळ मिळालं. स्तोत्रसंहितेतलं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची एक ओळही नाही. ते तिथं ठेवणाऱ्यांना देवाच्या नावाला कमीपणा येईल असं वाटलं नाही, तर मला का वाटावं?

त्याच संध्याकाळी दोघंजण घरी आले. वेगवेगळे, एकमेकांना नकळत. कुणाचं काय होतं ते सांगण्याचा मला हक्क नाही. पण माझ्या जुन्या साक्षीनंतर टाळ्या वाजायच्या, पाठीवर थाप पडायची. घरी येऊन स्वतःचं दुखणं सांगणारं मात्र कुणी यायचं नाही. हा फरक माझ्या तेव्हा लक्षात आला.

इतक्या वर्षांच्या अनुभवातून चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. त्या फक्त ख्रिस्ती माणसांपुरत्या नाहीत. आपलं दुःख सांगून दुसऱ्याला धीर देऊ पाहणाऱ्या कुणालाही त्या लागू आहेत.

पहिली, साक्ष आपलीच द्यावी. बायकोची, मुलाची, शेजाऱ्याची देऊ नये. आपल्या गोष्टीत ती माणसं येतातच, पण त्यांच्या वाटचं सांगायचं की नाही, हे त्यांनी ठरवावं.

दुसरी, पडलेल्या जागा गाळू नयेत. आणि रंगवूही नयेत. काहीजण आपल्या पापाचं वर्णन इतकं चवीनं करतात, की ऐकणाऱ्याला सुटकेपेक्षा पापच लक्षात राहतं. ठेच कुठं लागली ते सांगावं, रक्त दाखवत बसू नये.

तिसरी, हमी देऊ नये. 'मला देवानं सांभाळलं' ही साक्ष झाली. 'तुलाही उद्यापर्यंत बरं करील' ही हमी झाली, आणि ती द्यायचा अधिकार आपल्याला नाही.

चौथी सगळ्यांत महत्त्वाची. प्रार्थनेच्या नावाखाली औषध बंद करायला कुणालाही सांगू नये. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम दारू तोडली, तर हात कापणं, घाम फुटणं, भास होणं, फिट येणं असे प्रकार पहिल्या दोन-तीन दिवसांत होऊ शकतात, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. ती डॉक्टरच्या देखरेखीखालीच सोडावी. केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीसाठीची निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे. प्रार्थना जरूर करा, पण दवाखान्याच्या वाटेवर करा.

तो टेम्पोवाला पोरगा? दवाखान्यात राहून आला. पुढच्या वर्षी एकदा घसरला. त्या वेळी लपला नाही, सरळ माझ्याकडं आला आणि म्हणाला, "गुरुजी, माझं एकदा झालं. तुमच्यापेक्षा एक कमीच." आम्ही दोघंही हसलो आणि पुन्हा त्याच डॉक्टरकडं गेलो. त्यानंतर आजपर्यंत त्यानं घेतलेली नाही. उद्याचं तोही सांगत नाही, मीही माझं सांगत नाही.

शेवटी एक राहिलं. १९९१ च्या त्या उत्तम शुक्रवारी मी गुडघे टेकले, असं मी सांगत आलो. पण का टेकले, हे सांगायचं माझ्या कधी ध्यानातच आलं नाही. त्या दिवशी माझ्या आधी एका म्हाताऱ्या बाईनं साक्ष दिली होती. भाजी विकायच्या त्या. त्यांचा मुलगा दारूपायी गेला होता. त्या म्हणाल्या, मी त्याच्यासाठी नऊ वर्षं प्रार्थना केली. तो वाचला नाही. मी देवाशी भांडले, अजूनही भांडते. पण रात्री उठून बसते, तेव्हा कुणीतरी शेजारी बसलंय असं वाटतं. एवढंच. आणि त्या जागेवर जाऊन बसल्या.

ज्या साक्षीनं मला उठवलं, तिच्यात यश कुठंच नव्हतं. आणि मी मात्र सहा वर्षं लोकांना यशच वाटत फिरलो. मावशी आता नाहीत. त्यांची साक्ष मी माझ्या साक्षीच्या आधी सांगतो. त्यांनी ती हयातीत मला सांगायला परवानगी दिली होती. म्हणाल्या होत्या, "सांग बाबा. पण पोरगं वाचलं नाही, तेही सांग. ते गाळू नको."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)